मुलांच्या ड्रॅगनला विदर्भातली हाडं द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या फँटसी खेळांवर लेख आला होता तो वाचला. लेखाचा सूर असा की ड्रॅगन, डायनासोर, जादूगार वगैरे हे सगळं बाहेरून आलेलं खूळ आहे, त्यातून पोरांच्या हाती काही लागत नाही, त्यापेक्षा त्यांनी आपल्या मातीतलं काही वाचावं. आता आपल्या मातीतलं वाचावं हे मला शंभर टक्के पटतं, त्यात वादच नाही. पण मी वरोऱ्याकडची, भूगर्भशास्त्र शिकलेली, आणि आमच्या मातीत काय आहे ते मला चांगलं माहितीये, आमच्या मातीत डायनासोर आहेत. खरेखुरे. म्हणून हे पत्र लिहितेय, जरा लांबेल, छापताना कापावं लागलं तर कापा पण आमच्याकडच्या पिसदुरा गावाचा भाग तेवढा ठेवा.

आधी खेळाबद्दल, कारण लेखात तो मोबाइलवरचा गेम असल्यासारखं लिहिलंय आणि तसं नाहीये. माझा भाचा पुण्यात शिकतो, तो आणि त्याचे मित्रमैत्रिणी शनिवारी रात्री जमून डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतात. यात स्क्रीन लागतच नाही, कागद, पेन्सिल आणि फासे लागतात, त्यातला एक फासा वीस बाजूंचा असतो. एक जण गोष्ट सांगणारा, त्याला ते डीएम म्हणजे डंजन मास्टर म्हणतात, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं, कोण काय करणार ते बोलून ठरवायचं आणि जमलं की नाही ते फासा सांगणार. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ काढला. ड्रॅगन तर नावातच आहे. यातल्या ड्रॅगनचे रंगावरून प्रकार आहेत आणि पोरांना ते तोंडपाठ असतात, लाल आग ओकणारा, निळा वीज सोडणारा, पांढऱ्याच्या तोंडून गारठा, हिरव्याच्या तोंडून विषारी वायू, काळ्याच्या तोंडून ॲसिड, आणि हे पाच दुष्ट, तर सोनं चांदी तांबं पितळ कांसं या धातूंच्या रंगाचे पाच भले. रात्र रात्र बोलत बसतात, गणितं करतात, नकाशे काढतात. लेखात म्हटलंय हाती काही लागत नाही, मला तर तिथे बसून वेगळंच दिसलं.

ते ज्या जगात खेळतात त्याचं नाव एबेरॉन. खेळाच्या कंपनीने २००२ मध्ये नवीन जग सुचवा म्हणून खुली स्पर्धा ठेवली होती, ११ हजारांच्या आसपास लोकांनी आपापली जगं पाठवली, त्यातून कीथ बेकर यांचं हे जग निवडलं गेलं आणि २००४ मध्ये छापून आलं. त्या जगात सृष्टीची सुरुवातच तीन ड्रॅगनपासून होते. कायबरने सायबेरिसला फाडलं, त्याचे तुकडे आकाशात कडं होऊन राहिले, मग एबेरॉनने कायबरला आपल्या अंगाने वेढून कोंडून टाकलं आणि त्याचंच अंग म्हणजे ही जमीन, कायबर खाली पाताळात. शेषाच्या डोक्यावर पृथ्वी आहे हे आजीकडून ऐकत वाढलेल्या पोरांना हे काही समजावून सांगावं लागत नाही, पहिल्या झटक्यात कळतं.

मला त्या जगातलं सगळ्यात आवडलं ते मात्र ड्रॅगन नाही. ड्रॅगनांचा तिथे वेगळा खंड आहे, आर्गोनेसन, ते फार जुने, फार शहाणे, बाहेरच्या कुणाला तिथे थारा नाही. पण दुसरीकडे टॅलेंटा नावाचा गवताळ प्रदेश आहे, तिथे हाफलिंग म्हणजे तीन फुटी माणसांच्या भटक्या टोळ्या राहतात आणि त्यांची जनावरं म्हणजे डायनासोर. त्यावर बसून फिरतात, शिकार करतात, सामान वाहतात, स्वाराच्या तोंडावर मुखवटा असतो तसा जनावराच्या तोंडावरही असतो. क्लॉफूट म्हणून एक स्वारीचं जनावर आहे ते म्हणजे पायाला कोयत्यासारखं नख असलेला शिकारी डायनासोर, डायनॉनिकसच्या जातीचा. मला हे का आवडलं तर इतर ठिकाणी डायनासोर म्हणजे नुसता राक्षस, दिसला की डरकाळी फोडतो आणि माणसाच्या मागे धावतो. इथे तो जनावर आहे. चरतो, पाणी पितो, आजारी पडतो, त्याला मालक असतो. खरा डायनासोर जनावरच होता ना. त्यामुळे काल्पनिक जग असूनही मला ते शास्त्राच्या जास्त जवळचं वाटलं.

आणि पोरं हे जसंच्या तसं गिळत नाहीत हो, चर्चा करतात. मी गेले होते त्या दिवशी वाद चालला होता की उडणाऱ्या जनावरावर हाफलिंग बसू शकेल का. त्या जगात ग्लायडविंग नावाचा उडणारा प्राणी आहे, तो टेरानोडॉनवरून घेतलाय. टेरानोडॉन मुळात डायनासोर नव्हेच, टेरोसॉर म्हणजे उडणारे सरीसृप हा वेगळा गट आहे, हे त्यांच्यातल्या एका मुलीने मला सांगितलं, मी तिला नाही. पंख पसरले की सहा मीटरच्या वर, पण वजन फार कमी, हाडं पोकळ. म्हणजे पाठीवर माणूस, तो तीन फुटी का असेना, बसवून जमिनीवरून उठणं अवघड. मग क्वेत्झालकोएटलस घ्या म्हणाला दुसरा, टेक्सासमध्ये १९७१ मध्ये सापडलेला, पंखांचा पसारा १० ते ११ मीटर, जमिनीवर उभा राहिला की जिराफाएवढा उंच, वजन दोनशे किलोंच्या पुढे असावं असा अंदाज. त्याला झेपेल की नाही यावर अर्धा तास गेला. कॉलेजातली पोरं शनिवारी रात्री पोकळ हाडांवर वाद घालतायत, संपादक महोदय, आणि आपण म्हणतो हाती काही लागत नाही.

ड्रॅगनच्या अंगरचनेवर तर त्याहून मोठा वाद. चित्रातल्या ड्रॅगनला चार पाय आणि वर दोन पंख, म्हणजे सहा अवयव. आता पाठीचा कणा असलेली जमिनीवरची सगळी जनावरं बघा, बेडूक, पाल, चिमणी, गाय, माणूस, मूळ हिशोब चारचाच, पक्ष्याचा पंख म्हणजे त्याचा पुढचा पाय, वटवाघळाचा पंख म्हणजे त्याचा हात आणि लांबलेली बोटं, टेरोसॉरचा पंख तर मुख्यतः एकाच लांबलचक बोटावर ताणलेला. म्हणजे पंख पाहिजे असेल तर पुढचे पाय द्यावे लागतात. म्हणून दोन पायांचा ड्रॅगन जास्त खरा वाटतो, बरोबर आहे. पण मी त्यांना म्हटलं थांबा, आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण भागात, गोव्यात, कारवारकडे, खाली केरळपर्यंत एक उडणारा सरडा आहे, झाडाच्या खोडावर बसलेला असतो, ओळखूही येत नाही, आणि उडी मारली की दोन्ही बाजूंनी पडदे उघडतात आणि तरंगत दुसऱ्या झाडावर जातो. त्याचे चारही पाय शाबूत आहेत. पडदा ताणलाय तो लांबलेल्या बरगड्यांवर. त्याच्या कुळाला लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ मध्येच ड्रेको असं नाव दिलंय, ड्रॅगनच. म्हणजे चार पाय आणि वर पंख हवे असतील तर बरगड्यांचे करा, त्याला निसर्गात आधार आहे, फक्त मग तो फडफडणार नाही, तरंगेल. आगीचं म्हणाल तर बॉम्बार्डियर बीटल नावाचा भुंगा आहे, तो पोटात दोन रसायनं वेगवेगळी साठवतो आणि धोका आला की मिसळून मागून जवळपास उकळता फवारा मारतो. आग नाही, पण तत्त्व कळलं ना. पोरांनी लगेच त्यांच्या लाल ड्रॅगनच्या गळ्याला दोन पिशव्या दिल्या.

आता मुद्द्यावर येते. ड्रॅगन ही कल्पना कुणी हवेतून काढलेली नाही, निदान काही ठिकाणी तरी ती जमिनीतून निघालेल्या हाडांवर पोसलेली आहे. ऑस्ट्रियात क्लागेनफुर्ट नावाचं शहर आहे, तिथल्या चौकात लिंडवुर्म नावाच्या ड्रॅगनचं मोठं दगडी शिल्प आहे, १५९० च्या सुमाराचं. गावाजवळ १३३५ च्या सुमारास एक भलीमोठी कवटी सापडली होती, लोक म्हणाले हाच तो दंतकथेतला ड्रॅगन, ती कवटी शहरात जपून ठेवली आणि शिल्पाचं डोकं तिच्यावरून घडवलं. पुढे एकोणिसाव्या शतकात शास्त्रज्ञांनी बघितलं तर ती हिमयुगातल्या केसाळ गेंड्याची निघाली. चीनमध्ये जुनी जीवाश्म हाडं आणि दात ड्रॅगनची हाडं म्हणून औषधाच्या दुकानात विकायचे, कुटून खायचे, आणि १९३५ मध्ये फॉन कोनिग्सवाल्ड या शास्त्रज्ञाला हाँगकाँगच्या अशाच एका दुकानात एक प्रचंड दाढ मिळाली, ती जायगँटोपिथेकसची, पृथ्वीवरच्या माहीत असलेल्या सगळ्यात मोठ्या वानराची. विचार करा, एक अख्खा प्राणी शास्त्राला औषधाच्या दुकानातून मिळाला.

आणि आपल्याकडचं सांगते. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात फिलोस्ट्रॅटस या ग्रीक लेखकाने अपोलोनियस नावाच्या साधूच्या भारतयात्रेचं वर्णन लिहिलंय, त्यात उत्तर भारतातले डोंगर ड्रॅगनांनी भरलेत असं येतं, आणि एका शहरात ड्रॅगनांची डोकी ठेवलीत असंही येतं. एड्रियन मेयर या अमेरिकन अभ्यासक बाईंनी मांडलंय की हे हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांतल्या जीवाश्मांमुळे असावं. हा अंदाज आहे, सिद्ध झालेलं नाही, त्यांचे काही अंदाज इतर तज्ज्ञांनी खोडूनही काढलेत. पण शिवालिकमध्ये कवट्यांचा खजिना आहे हे पक्कं. तिथूनच फाल्कनर आणि कॉटली या ब्रिटिश संशोधकांनी १८३६ मध्ये शिवाच्या नावाने शिवाथेरियम जगापुढे आणलं, जिराफाच्या नात्यातलं पण हत्तीसारखं अवजड, डोक्यावर फांद्यासारखी शिंगं. ते डोकं उन्हात पडलेलं कुणी बघितलं असेल तर त्याला ड्रॅगन आठवणार नाही तर काय.

म्हणजे परदेशी ड्रॅगनच्या गोष्टीतही भारताचे डोंगर आहेत. आणि तरी आपली पोरं जेव्हा स्वतःचं काल्पनिक जग रचायला बसतात (भाच्याची मंडळी आता एबेरॉन सोडून स्वतःचं जग बनवतायत) तेव्हा यादी काय निघते, टी-रेक्स, ट्रायसेराटॉप्स, स्टेगोसॉरस, व्हेलोसिरॅप्टर. तीन अमेरिकेचे, एक मंगोलियाचा. एकही इथला नाही. मी विचारलं का रे, तर भाचा म्हणाला, मावशी, आपल्याकडे काही असलं तर आम्हाला कुठे माहितीये, मराठीत कुठे वाचायला मिळतं. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, तुमच्याकडे आहे का बघा.

त्या रात्री अजून एक गोष्ट झाली ती सांगायलाच पाहिजे. त्यांच्यातला एक जण, हुशार मुलगा, म्हणाला की टॅलेंटाचं मैदान हे मुळातच चूक आहे, डायनासोरच्या काळात गवतच नव्हतं, गवत नंतर आलं, त्यामुळे गवतात चरणारे डायनासोर हे अशास्त्रीय. आणि तो म्हणत होता ते बरीच वर्षं पुस्तकांत तसंच होतं. पण ते मोडून काढलं आमच्या वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याने. पिसदुरा हे छोटं गाव, तिथे शेतांच्या आसपास लामेटा नावाच्या थराचे खडक उघडे पडलेत आणि त्यात डायनासोरच्या हाडांबरोबर दगड झालेलं शेणही सापडतं, कोप्रोलाइट म्हणतात त्याला. डॉ. वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शेण बारीक करून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर त्यात वनस्पतींच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे कण मिळाले, आणि ते कण गवताचे होते. एका नाही, निदान पाच प्रकारच्या गवतांचे. २००५ च्या नोव्हेंबरमध्ये सायन्स या जगातल्या मोठ्या नियतकालिकात ते छापून आलं. म्हणजे कीथ बेकर यांचं गवतावरच्या डायनासोरांचं जग छापलं गेलं २००४ मध्ये, तेव्हा तज्ज्ञ त्याला चूक म्हणाले असते, आणि पुढच्याच वर्षी चंद्रपूर जिल्ह्यातल्या शेणाने डायनासोर गवत खायचे हे सिद्ध केलं. पुढे २०११ मध्ये याच कामातून भाताच्या कुळाचीही मुळं त्या काळापर्यंत मागे गेली. एक मात्र लक्षात ठेवायचं, गवत होतं याचा अर्थ आजच्यासारखी मैलोन्‌मैल कुरणं होती असा नाही, झाडीत मधेमधे गवत असणार, हे मी त्यांना सांगितलं, आणि त्यांनी त्यांच्या नकाशावरचं मैदान खोडून झाडी काढली आणि त्यात गवताचे पट्टे दिले.

सगळे गप्प झाले होते, मग एक जण म्हणाला पिसदुरा कुठे आलं, नागपूरहून किती लांब. ही पोरं आता तिकडे जायचं म्हणतायत.

तर आमच्याकडे काय काय आहे ते लिहिते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला एका मोठ्या शाकाहारी डायनासोरचा सांगाडा निघाला, कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या लोकांनी तो खणून काढला, सोहन जैन आणि सास्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याचं वर्णन छापलं, तेव्हा त्याला टायटॅनोसॉरस कोलबर्टी म्हणत, २००३ मध्ये तो वेगळ्या कुळाचा आहे असं ठरून इन्स्टिट्यूटच्या नावावरून इसिसॉरस झाला. लांबी अंदाजे १८ मीटर. पण नुसत्या लांबीत गंमत नाही, त्याची ठेवण विचित्र आहे. या जातीच्या बाकीच्या डायनासोरांची मान लांबलचक, याची त्या मानाने आखूड आणि वरच्या बाजूला उभी, पुढचे पाय लांब, त्यामुळे पाठ मागे उतरत जाते. आणि सांगाड्यासोबत डोकं सापडलेलं नाही! काल्पनिक जग रचणाऱ्याला याहून मोठी देणगी कोणती, धड शास्त्राने दिलंय, डोकं तू दे. नात्यातल्या जनावरांकडे बघून दे, पण दे.

तिकडे सिरोंच्याला, गडचिरोली जिल्ह्यात प्राणहितेच्या काठाने, याच्याहून कितीतरी जुने खडक आहेत, ज्युरासिक काळातले, कोटा गावाच्या नावानेच तो थर जगभर ओळखला जातो. वडधमला जीवाश्म पार्क आहे. नदीपलीकडे पोचमपल्लीजवळ, आता तेलंगणात, १९६०-६१ च्या सुमारास हाडांचा ढीगच निघाला, त्यातून उभा राहिलेला बारापासॉरस आज कोलकात्यात बघायला मिळतो, त्याचं पूर्ण नाव बारापासॉरस टागोराय, कारण तेव्हा रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचं वर्ष होतं. बारा पा म्हणजे बंगालीत मोठा पाय. मांडीचं हाडच माणसाएवढं.

विदर्भाबाहेर गेलात तर जबलपूर, जिथे १८२८ मध्ये स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला भारतातली पहिली डायनासोरची हाडं मिळाली, ठगांचा बंदोबस्त करणारा तोच स्लीमन. त्या मणक्यांवरून १८७७ मध्ये टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव पडलं, मणके पुढे हरवले आणि २०१२ मध्ये कोलकात्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहातच परत सापडले, त्या शोधात नागपूरचे डॉ. धनंजय मोहबे होते. याच मोहबेंनी गुजरातमध्ये धोली डुंगरीला डायनासोरच्या अंड्यांच्या घरट्यात एक जीवाश्म मिळवला होता, सुरुवातीला सगळी हाडं पिल्लाची वाटली, नंतर जेफ विल्सन या अमेरिकन तज्ज्ञाने ओळखलं की यात साप आहे. साडेतीन मीटरचा साप, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून बसलेला, बाजूला नुकतं बाहेर आलेलं अर्ध्या मीटरचं पिल्लू, आणि त्याच क्षणी वरून गाळ आला आणि सगळं तसंच राहिलं. सनाजेह असं त्याचं नाव, २०१० मध्ये जाहीर झालं. मला सांगा, यापुढे कुठला ड्रॅगनचा प्रसंग लिहिणार? गुजरातचाच राजासॉरस आहे, २००३ चा, मांसाहारी, डोक्यावर एकच ठेंगणं शिंग. आणि कच्छच्या पानंध्रो खाणीतला वासुकी, २०२४ मध्ये जाहीर झालेला, चार कोटी सत्तर लाख वर्षांपूर्वीचा साप, लांबी ११ ते १५ मीटर असावी असा अंदाज. शास्त्रज्ञांनी त्याला महादेवाच्या गळ्यातल्या नागाचं नाव दिलं, कुणाला ते परदेशी खूळ वाटलं नाही.

मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात तर २०२३ मध्ये एकाच अभ्यासात ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवली गेली. त्याच जिल्ह्यात पाडल्या गावात लोक शेतात सापडणाऱ्या गोल दगडांची काकड भैरव म्हणून पूजा करत आले, शेताची आणि गुराढोरांची राखण करणारा देव, आणि तपासणीला आलेल्या तज्ज्ञांनी सांगितलं की ही डायनासोरची अंडी आहेत. क्लागेनफुर्टच्या लोकांनी गेंड्याच्या कवटीचा ड्रॅगन केला, आपल्या लोकांनी अंड्यांचा राखणदार देव केला. मला आपल्या लोकांचं जास्त आवडलं, हे मोकळेपणाने सांगते. तो भैरव कुठल्याही काल्पनिक जगात मानाने बसेल.

आणि हे सगळे जिथे राहायचे ते जग तर बघा. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा काळ. भारत तेव्हा आशियाला जोडलेला नव्हता, मादागास्करपासून तुटून समुद्रातून उत्तरेकडे सरकत असलेलं एक मोठं बेट होता. राजासॉरसचे जवळचे नातेवाईक म्हणूनच मादागास्करात सापडतात. आणि त्या बेटाच्या पश्चिम अर्ध्यावर जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहत होता, एकदा नाही, लाखो वर्षं थांबून थांबून, एका थरावर दुसरा, आज आपण घाटात जे काळे पायऱ्यापायऱ्यांचे कडे बघतो ते सगळं तेच, अजूनही पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलंय, पश्चिम घाटात काही ठिकाणी जाडी दोन किलोमीटरच्या घरात. दोन लाव्हांच्या मधल्या काळात तळी साचायची, झाडं यायची, त्यात मासे, बेडूक, साप, आणि घरटी करायला येणारे डायनासोर. आग ओकणारा ड्रॅगन लागतच नाही हो, इथे जमीनच आग ओकत होती. एबेरॉनमध्ये जमीन म्हणजे ड्रॅगनचं अंग आहे, आपल्या दख्खनला ती कल्पना आयती लागू पडते, पोरांनी नुसती उचलायची.

उलट दिशेनेही रस्ता चालू आहे बरं का. २००६ मध्ये अमेरिकेत एका काटेरी डोक्याच्या डायनासोरला शास्त्रज्ञांनी ड्रॅकोरेक्स म्हणजे ड्रॅगनांचा राजा अशा अर्थाचं नाव दिलं आणि पुढे हॅरी पॉटरच्या गोष्टीतल्या हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेचं नाव जोडलं. ते डोकं बघितलं तर खरंच ड्रॅगनचं वाटतं. आता बऱ्याच तज्ज्ञांचं मत आहे की ते पॅकिसेफलोसॉरस या आधीच माहीत असलेल्या डायनासोरचं लहान वयातलं पिल्लू, पण नाव राहिलं आणि मुलं त्या नावापायी म्युझियममध्ये जातात. मग आपल्या मुलांनी काल्पनिक जगापायी पिसदुऱ्याला यायला काय हरकत आहे.

आता तुमच्याकडे मागणं. पहिलं म्हणजे चित्रं. आपल्याकडे कुठेही जीवाश्म सापडल्याची बातमी आली की पेपरात टी-रेक्सचं किंवा सरळ ड्रॅगनचं चित्र लागतं, बातमी गवत खाणाऱ्या जनावराची असली तरी. टी-रेक्स भारतात कधी सापडलेला नाही. हे बदला, कारण मुलांच्या डोक्यात चित्र बसतं, मजकूर नाही. दुसरं, बालपुरवणीत दर आठवड्याला एक इथलं जनावर द्या, शास्त्राने जेवढं ठरलंय तेवढं नीट सांगा आणि खाली सरळ लिहा की एवढं माहीत नाही, इथून पुढे तुम्ही रचा. इसिसॉरसचं डोकं, सनाजेहचा रंग, राजासॉरसची हाक, काकड भैरवाची गोष्ट. मुलांनी पाठवलेली जगं छापा. मांजरा आणि गोदावरीच्या खोऱ्यात निघालेले जुने हत्ती आणि पाणघोडे पण घ्या, मराठवाड्यातल्या मुलांना त्यांच्या नदीत पाणघोडे होते हे कळू दे. किल्ल्यांच्या दरवाज्यावरचे शरभ घ्या, ते तर आपले स्वतःचे कल्पित प्राणी आहेत, त्यांचे पंजे, शेपटी, दात कुणी नीट बघितलेत का.

आणि एक विनंती ठळक अक्षरात छापा, हाड किंवा अंडं दिसलं तर उचलून घरी न्यायचं नाही. ते कुठल्या थरात, कशाशेजारी होतं यातच त्याची सगळी माहिती असते, जागेवरून हललं की ती गेली. आमच्याकडे फिरायला आलेले लोक खिशात घालून नेतात आणि फार वाईट वाटतं. फोटो काढा, जागा लिहून ठेवा, नागपूरला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयात किंवा जवळच्या कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागात कळवा.

लेखमालेचा मजकूर मी लिहून द्यायला तयार आहे, मानधन नको. चित्रकाराला पहिल्या चित्रासाठी एवढंच सांगा की इसिसॉरस काढताना मान उभी आणि पुढचे पाय लांब ठेवा, पायाशी झाडीत गवताचे पट्टे दाखवा, लाव्हा लांब क्षितिजावर, आणि माणूस कुठेही नको, माणूस यायला अजून सहा कोटी वर्षांहून जास्त होते. मुलांनी त्यांच्या जगात तो पाठीवर बसवला तर तो त्यांचा हक्क.

आपली,
एक वाचक, वरोरा (जि. चंद्रपूर)